अवकाशाला शेवट आहे का? आणि तो आपल्याला कधी कळेल का?

मला विचारलेला प्रश्न तीन पदरी आहे. अवकाश मर्यादित आहे की अनंत? मर्यादित असेल तर त्याच्या कडेपलीकडे काय? आणि अवकाश अनंत असेल, तर जे जे अस्तित्वात आहे तेही अनंत मानायचं का? शिवाय "तुमचा स्वतःचा कल कुठे?" असंही विचारलंय. त्याकडे सगळ्यात शेवटी येतो.

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो: आज हे कोणालाही माहीत नाही. पण हे न कळणं दोन्ही बाजूंना सारखं नाही, आणि याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. अवकाश सांत, म्हणजे मर्यादित, असेल तर ते एखाद्या मोजमापातून उद्या उघडकीला येऊ शकतं. अनंत असेल तर मात्र ते कुठल्याही मोजमापातून कधीही सिद्ध होणार नाही. फार तर "आम्ही पाहिलं तिथपर्यंत शेवट लागला नाही" एवढंच म्हणता येईल. तेव्हा 'विश्व अनंत असल्याचं सिद्ध' असा मथळा कुठे दिसला, तर खालची बातमी वाचायची तसदी घेऊ नका.

मी विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाच्या नकाशांवर काम करत आलो आहे, त्यामुळे उत्तरही मोजमापाच्या बाजूनेच देणार.

आधी कडेचा प्रश्न निकालात काढू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात टॅरेन्टमच्या आर्किटसने हाच पेच टाकला होता: मी विश्वाच्या कडेवर उभा राहून काठी पुढे केली तर ती जाईल की अडेल? गेली तर पुढे जागा आहे, अडली तर अडवणारं काहीतरी आहे. म्हणून विश्व अनंतच असलं पाहिजे. युक्तिवाद इतका सरळ वाटतो की दोन हजार वर्षं त्याला कोणी नीट हात घालू शकलं नाही. त्यातली फट दाखवली ती बर्नहार्ट रीमानने, १८५४ साली ग्योटिंगेनमधल्या व्याख्यानात. सीमा नसणं आणि अनंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने स्पष्ट केलं. पृथ्वीचा पृष्ठभाग घ्या. त्याला कड नाही, कुठेही काठी अडत नाही, तरी त्याचं क्षेत्रफळ ठरलेलं आहे. त्रिमितीतही असंच घडू शकतं. १९१७ साली आइनस्टाइनने सापेक्षतेतून विश्वाचं पहिलं गणिती चित्र काढलं ते नेमकं असंच होतं: घनफळ मर्यादित, कड कुठेच नाही.

बरं, त्यासाठी अवकाश वाकलेलंच असलं पाहिजे असंही नाही. जुन्या नोकिया फोनवरचा सापाचा खेळ आठवा. भिंती नसलेल्या पटावर साप उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत यायचा, वरून गेला की खालून यायचा. पट सपाट, क्षेत्रफळ मर्यादित, आणि सापाच्या दृष्टीने कड नावाची गोष्टच नाही. त्रिमितीत अशी सपाट आणि बंदिस्त अवकाशं दहा प्रकारची असू शकतात, हे गणितज्ञांनी केव्हाच मोजून ठेवलंय. म्हणजे 'मर्यादित असेल तर पलीकडे काय' या प्रश्नाला 'पलीकडे'च नाही असं उत्तर पूर्णपणे सुसंगत आहे. ते डोळ्यांपुढे आणता येत नाही हे खरं. पण डोळ्यांपुढे आणता येणं ही निसर्गाची अट नाही.

आता आपल्याला दिसतं किती, ते बघू. विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं. म्हणून आपण १३.८ अब्ज प्रकाशवर्षं दूरपर्यंत पाहतो असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक आहे. प्रकाश निघाल्यानंतर वाटेतलं अवकाश ताणलं गेलं, त्यामुळे ज्या ठिकाणाहून तो निघाला ती ठिकाणं आज सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहेत. ही दृश्य विश्वाची त्रिज्या. हा गोल मर्यादित आहे यात वादच नाही. पण ही विश्वाची कड नव्हे, आपल्या नजरेची आहे. दुसऱ्या दीर्घिकेतल्या निरीक्षकाचा गोल वेगळा असणार. जहाजावरून दिसणाऱ्या क्षितिजाला समुद्राचा काठ समजावं, तशी इथे गल्लत होते.

हा भेद जुन्या लोकांना सुचला नव्हता असं मात्र नाही. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त 'खकक्षा' म्हणजे आकाशाचा परीघ दिलाय: १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजनं. आकडा परंपरेतून आलेला. त्याला कोणी ब्रह्मांडाच्या कवचाचा घेर म्हणत, कोणी पुराणातल्या लोकालोक पर्वताचा. भास्कराचार्य काय म्हणतात? ब्रह्मांड एवढं असो वा नसो, एका कल्पात ग्रह एवढी योजनं चालतो, तेच हे माप, असं आमचं मत. दुसरीकडे ते असंही नोंदवतात की गोल जाणणारे जाणकार याला सूर्यकिरणांनी अंधार जिथवर हटवला आहे तेवढ्या आकाशाचा परीघ म्हणतात. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख आजही आहे. बाराव्या शतकात आधुनिक विश्वविज्ञान होतं असं मी म्हणत नाही. तो आकडा आजच्या अर्थाने काहीच मोजत नाही. पण 'हिशेबात येतं ते इतकं, सगळं किती ते माझ्या हिशेबाबाहेर' ही शिस्त मला आजच्या कित्येक लोकप्रिय व्हिडिओंपेक्षा जास्त शास्त्रीय वाटते.

मग मोजतात कसं? मुख्य मार्ग दोन: अवकाशाची वक्रता पाहणं, आणि अवकाश स्वतःला पुन्हा येऊन मिळतं का ते शोधणं.

वक्रतेचं तत्त्व शाळेतल्या भूमितीचंच आहे. सपाट कागदावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. पृथ्वीवर उत्तर ध्रुवावरून दोन रेखावृत्तं एकमेकांशी काटकोन करत विषुववृत्तापर्यंत आणली तर बेरीज २७० भरते. अवकाशात असा एक प्रचंड त्रिकोण आखायचा आणि कोन तपासायचा. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व पारदर्शक झालं आणि तेव्हा सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात, २.७ केल्विन तापमानाचा, सगळीकडून येतो. बेल लॅबच्या पेन्झियस आणि विल्सन यांना तो १९६४ मध्ये अँटेनातली न जाणारी खरखर म्हणून सापडला. हा प्रकाश सुटण्याआधी विश्वातल्या तापलेल्या वायूत ध्वनिलहरी फिरत होत्या. तेवढ्या वेळात त्या किती अंतर कापू शकल्या हे भौतिकीच्या नियमांतून काढता येतं: आजच्या मापात सुमारे ४७ कोटी प्रकाशवर्षं. ही आपली मोजपट्टी. ती आपल्यापासून सुमारे ४५ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. अवकाश सपाट असेल तर साध्या भागाकाराने ती आकाशात ०.६ अंशाचा कोन करेल, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राहून जराशी मोठी दिसेल. धन वक्रता (गोलासारखी) असेल तर कोन मोठा, ऋण (खोगिरासारखी) असेल तर लहान.

१९९८ च्या अखेरीस अंटार्क्टिकावरून 'बूमरँग' नावाची दुर्बीण फुग्याला बांधून सोडली. तिचे निष्कर्ष २००० साली आले: कोन सपाट अवकाशाला साजेसा. त्यानंतर नासाच्या डब्ल्यूमॅप आणि युरोपच्या प्लँक उपग्रहांनी हे माप अतिशय काटेकोर केलं. प्लँकचे २०१८ चे आकडे दीर्घिकांच्या सर्वेक्षणांशी जोडले तर वक्रतेचा प्राचल, म्हणजे अवकाश किती वाकलंय ते सांगणारा आकडा (सपाट असेल तर शून्य), ०.०००७ येतो आणि त्यातली अनिश्चितता ०.००१९ आहे. म्हणजे शून्याशी पूर्ण जुळणारा.

इथे एक मेख आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. तो कोन फक्त वक्रतेवर अवलंबून नसतो. मोजपट्टी किती दूर आहे यावरही असतो, आणि ते अंतर विश्व कोणत्या वेगाने प्रसरण पावत आलं यावर ठरतं. थोडी वक्रता आणि थोडा कमी प्रसरणवेग एकमेकांची भरपाई करून तोच कोन देऊ शकतात. म्हणून जुना प्रकाश एकटा पुरत नाही. त्याच ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीतही उमटलेला आहे. ती दुसरी, जवळची मोजपट्टी सोबत लावावी लागते. २०१९ मध्ये दि व्हॅलेंटिनो, मेल्क्योरी आणि सिल्क यांनी फक्त प्लँकची माहिती घेऊन दाखवलं की तिचा ओढा बंदिस्त, धन वक्रतेच्या विश्वाकडे आहे. वक्रता थोडीथोडकी नव्हती, चार टक्क्यांच्या आसपास. 'विश्व गोल आहे' असे मथळे झळकले. पण ते चित्र स्वीकारलं तर हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाचा आजचा वेग सांगणारा आकडा, ५४ च्या आसपास येतो, आणि इतर पद्धती ६७ ते ७३ च्या दरम्यान भांडतायत. दीर्घिकांची मोजपट्टी जोडली की ती वक्रता नाहीशी होते. पुढे प्लँकच्याच माहितीवर नव्याने प्रक्रिया केली तेव्हा तो ओढाही बराच ओसरला. माझं मत: तिघांनी प्रश्न रास्त विचारला होता, पण निष्कर्ष माहितीच्या मानाने फार जड होता.

मग 'सपाट' म्हणजे 'अनंत' का? नाही. दोन कारणांनी. एक, मोजमापाला अनिश्चितता असते. आजच्या मर्यादेत बसेल इतकी किंचित धन वक्रता असेल तर विश्व बंदिस्तच असेल, फक्त त्याची वक्रतात्रिज्या निदान २०० अब्ज प्रकाशवर्षांच्या वर असेल. तसा हिशेब केला तर एकूण घनफळ दृश्य विश्वाच्या निदान काहीशे पट निघतं. प्रचंड, पण सांत. आणि दोन, सापाच्या पटासारखं सपाट आणि बंदिस्त अवकाश असू शकतं. तिथे वक्रता मोजून काहीच कळणार नाही.

त्यासाठी दुसरा मार्ग. अवकाश बंदिस्त असेल आणि त्याचा आकार आपल्या दृश्य गोलापेक्षा लहान असेल, तर तोच जुना प्रकाश दोन वेगवेगळ्या दिशांनी आपल्यापर्यंत येईल. आकाशात दोन ठिकाणी तापमानाच्या चढउतारांची हुबेहूब जुळणारी वर्तुळं दिसतील. कॉर्निश, स्पर्गेल आणि स्टार्कमन यांनी १९९८ मध्ये ही युक्ती मांडली. त्याला उत्तेजन देणारी एक विचित्र गोष्टही नकाशांत आहे. ६० अंशांहून दूर असलेल्या बिंदूंच्या तापमानांत जितका संबंध अपेक्षित आहे तितका दिसत नाही, जवळजवळ शून्यच. छोट्या खोलीत लांब लाटा मावत नाहीत, तसं काही असेल का? २००३ मध्ये ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी बारा पंचकोनी फलकांच्या घनाकृतीतून घडवलेलं विश्व सुचवलं. ते गोल फुटबॉलसारखं आहे म्हणून वर्तमानपत्रांना फार आवडलं. २००४ मध्ये डब्ल्यूमॅपच्या नकाशांत वर्तुळं शोधली गेली. सापडली नाहीत. प्लँकमध्येही नाहीत.

इथेही सावध राहायला हवं. अलीकडे काही गटांनी दाखवलंय की जुन्या शोधांनी जितके आकार बाद झाले असं वाटत होतं, तितके झालेले नाहीत. काही मांडण्यांत जुळणारी वर्तुळं आपल्या जागेवरून दिसतच नाहीत, तरी त्यांचा पुसट ठसा इतर आकडेवारीत उरू शकतो. दार बंद नाही, एवढंच.

आता सुरुवातीला म्हटलेली विषमता पूर्ण करतो. प्रसरणाचा वेग वाढतोय, हे १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं. याचा परिणाम असा की आपण अब्जावधी वर्षं वाट पाहिली तरी दृश्य गोल अमर्याद वाढणार नाही. आजच्या मापात तो सुमारे ६२ अब्ज प्रकाशवर्षांशी अडेल. त्यापलीकडून कधीच काही येणार नाही. शिवाय वक्रता साधारण एक दशसहस्रांशापेक्षा कमी असेल तर आपल्या परिसरातल्या घनतेच्या नैसर्गिक चढउतारांपासून ती वेगळी काढताच येत नाही, यंत्र कितीही चांगलं असो. म्हणजे विश्व आपल्या खिडकीपेक्षा फार मोठं असेल तर ते सांत की अनंत हे ठरवण्याचा मार्ग निसर्गानेच बुजवलेला आहे. उलट, जुळणारी वर्तुळं सापडली तर एका दिवसात निकाल लागेल. निव्वळ धन वक्रता सापडली तर निकाल जरा कच्चा असेल, कारण पलीकडेही तशीच वक्रता आहे हे गृहीत धरावं लागेल.

एक नेहमीचा गोंधळ जाता जाता. महास्फोट एका बिंदूतून झाला, मग विश्व अनंत कसं असेल? अवकाश आज अनंत असेल तर ते महास्फोटाच्या वेळीही अनंतच होतं, फक्त सगळीकडे कमालीचं दाट होतं. आपण 'बिंदूएवढं' म्हणतो ते आजच्या दृश्य विश्वाचा तेव्हाचा तुकडा. बॉम्ब फुटून तुकडे रिकाम्या जागेत उडाले, हे चित्र डोक्यातून काढा.

अस्तित्वाचा प्रश्न मला अवकाशापेक्षा अवघड वाटतो. अवकाश अनंत असलं म्हणजे त्यातलं द्रव्यही अनंत असलंच पाहिजे असं तर्काने निघत नाही. जैन परंपरेने हा भेद अगदी नेमका केला: आकाश अनंत, पण जीव आणि पुद्गल (जडद्रव्य) फक्त मर्यादित लोकाकाशात, बाहेरचं अलोकाकाश निखळ रिकामं. ग्रीक स्टोइकांचंही चित्र साधारण असंच होतं. आजचं विश्वविज्ञान हे मानत नाही, कारण दीर्घिकांचं वाटप मोठ्या प्रमाणावर सगळीकडे सारखं दिसतं आणि आपण मध्यभागी आहोत असं मानायला कारण नाही. पण हे 'सगळीकडे सारखं' आपण आपल्या गोलात पाहिलंय. पुढे ते गृहीत आहे.

ते गृहीत शेवटपर्यंत ताणलं तर काय होतं ते १९७९ मध्ये जॉर्ज एलिस आणि ब्रुंड्रिट यांनी दाखवलं. अनंत अवकाश, सगळीकडे सारखं द्रव्य, आणि एका ठरावीक घनफळात अणूंच्या मांडण्या मोजता येण्याइतक्याच. मग कुठेतरी हीच पृथ्वी, हेच वाक्य वाचणारे तुम्ही, पुन्हा असणार. आणि एकदाच नव्हे, अगणित वेळा. काहींना हे रोमांचक वाटतं. मला ते अनंताचं गृहीत किती महाग पडतं याचं बिल वाटतं. एलिस स्वतःही पुढे भौतिक अनंताबद्दल साशंकच राहिले.

काळाच्या बाबतीत एक पुरावा रोज रात्री डोक्यावर असतो. अनंत अवकाशात अनंत काळ तारे तेवत असते तर कुठल्याही दिशेला नजर टाकली तरी ती एखाद्या ताऱ्यावर टेकली असती आणि रात्र लख्ख उजळ असती. ओल्बर्सच्या नावाने हा विरोधाभास ओळखला जातो, १८२३ चा. पुष्कळांना वाटतं यावरून अवकाश मर्यादित ठरतं. तसं नाही. यावरून ठरतं ते एवढंच की तारे कायमचे नव्हते. दूरचा प्रकाश पोचायला पुरेसा वेळच मिळालेला नाही.

मग काळाला आरंभ आहे का? कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींचं १९५५ चं समीकरण आणि त्यावर उभे राहिलेले पेनरोज-हॉकिंग यांचे सिद्धांत सांगतात की सापेक्षतेची समीकरणं जशीच्या तशी काळात मागे नेली तर एका ठिकाणी मार्ग तुटतो, त्याआधी जाता येत नाही. ही सिद्धांताची मर्यादा आहे की काळाची, यावर एकमत नाही. दुसऱ्या बाजूने आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईलसोबत स्थिर विश्वाची, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या मताची, बाजू लढवली, आणि १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह तिचं सुधारित रूप मांडलं. त्यात काळ अनादि-अनंत आहे आणि विश्व अब्जावधी वर्षांच्या आवर्तनांत फुगतं-आक्रसतं. सूक्ष्मतरंगी प्रारणाचे बारीक तपशील त्या चौकटीत बसवणं जमलं नाही, आणि पुरावा महास्फोटाच्या बाजूने गेला असंच मी म्हणेन. पण बहुमत एका बाजूला गेल्यावरही समीकरणं मांडून, अंदाज वर्तवून, तपासा म्हणणारी माणसं लागतात. नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या खगोलसंस्थेच्या आवारात ही सवय पुढच्या पिढ्यांना लागली, तिचा फायदा त्यांच्या मताशी असहमत असलेल्यांनाही झाला.

आता माझा कल. अवकाश सांत आहे, पण इतकं मोठं की आपल्याला ते कधी मोजता येणार नाही, असं मला वाटतं. कारण पुराव्याचं नाही, हिशेबाचं आहे: आजवर पाहिलेली एकही गोष्ट समजावून सांगायला मला खऱ्या अनंताची गरज पडलेली नाही. समीकरणात मी ते रोज वापरतो, कारण सोपं पडतं. फार मोठी संख्या ठेवली तरी उत्तर तेच येतं. माझे काही सहकारी नेमकं उलट म्हणतात, की सपाट आणि कुठेही न जोडलेलं अवकाश हेच सर्वांत साधं चित्र, तेव्हा शेवट आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझी. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला दाखवता येत नाही. २०२३ मध्ये सोडलेल्या युक्लिड दुर्बिणीची आणि जमिनीवरच्या दीर्घिका-सर्वेक्षणांची माहिती येत राहील, तशी वक्रतेवरची मर्यादा आणखी आवळली जाईल. त्यातून शून्यापासून स्पष्ट वेगळा, धन वक्रतेचा आकडा निघाला आणि निदान दोन स्वतंत्र मोजपट्ट्यांनी तोच दिला, तर वाद माझ्या बाजूने झुकेल. शून्यच निघत राहिला तर आम्ही दोघंही आज आहोत तिथेच असू.